पांढरी पाच

हार्प म्हणजे उभ्या चौकटीत ताणलेल्या तारा दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायचं वाद्य. त्याची तार मागवायची तर आधी ती कोणती हे सांगता यावं लागतं. नोव्हेंबरात माझी पहिली तार तुटली आणि मला ते धड सांगता आलं नाही. डी या पाश्चात्य स्वराची तार होती, वरच्या अंगाची. आपल्याकडे सप्तकं खालून वर मोजतात: मंद्र, मध्य, तार. त्याच सवयीने मी माझ्या ३४ तारांच्या हार्पवर सगळ्यात खालच्या सीपासून मोजत वर गेले आणि कळवून टाकलं, चौथ्या सप्तकातला डी पाठवा. चार दिवसांनी तार आली. रिकाम्या जागी धरून पाहिली तर शेजारच्या दोघींपेक्षा ती उघड जाड होती.

हार्पवाले सप्तकं वरून खाली मोजतात. त्यांचं सप्तक सीपासून सुरूही होत नाही. ते ईपासून निघतं आणि उतरत उतरत एफवर संपतं. ही मोजणी पायांनी सूर बदलायच्या मोठ्या पेडल हार्पची. माझा हार्प लिव्हरचा, म्हणजे तारेजवळची छोटी खटकी हाताने उचलून सूर बदलायचा. अशा हार्पवर पहिल्या सप्तकातल्या वरच्या चार तारा नसतातच, तरी मोजायचं त्या आहेत असं धरून. माझी तुटलेली तार त्या हिशोबाने तिसऱ्या सप्तकातली होती. मी मागवली ती तिची खालच्या सप्तकातली मोठी बहीण. ती मी परत पाठवली नाही. कधी ना कधी लागेलच म्हणून पाकिटावर मराठीत नाव घालून ठेवून दिली.

तार तुटते तेव्हा आवाज मोठा होतो. आम्ही झोपलो होतो, बाहेरच्या खोलीत कोणी चाबूक ओढावा तसं काहीतरी वाजलं. एडिनबऱ्यात नोव्हेंबरपासून घरोघर हीटर लागतात, खोलीतली हवा पार सुकते, आणि आतड्यापासून वळलेल्या तातेला हवेतला असा चढउतार सोसत नाही. दिवा लावला तर तार वेटोळं होऊन जमिनीवर पडली होती आणि बाकीच्या तेहतीस अजून हलकेच घुमत होत्या. लहानपणी सांगलीच्या घरी पावसाळ्यात आईच्या तंबोऱ्याची तार अशीच रात्री गेली होती. आई तेव्हा उठून बसली होती आणि म्हणाली होती, "खरज गेला." गेली ती खालच्या साची तार, हे तिला अंधारात, नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

हार्प मी ठरवून घेतला. स्कॉटलंडमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, आणि या शहरात राहून तो कानावर पडला नाही असं होत नाही. इथे त्याला क्लारसाख म्हणतात. चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन जुने क्लारसाख काचेआड ठेवले आहेत, क्वीन मेरी हार्प आणि लामाँट हार्प. पंधराव्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. कमरेला लागतील न लागतील एवढेच उंच, आणि पुढचा खांब धनुष्यासारखा बाहेर वाकलेला. या जातीच्या हार्पना पितळेच्या तारा असत आणि त्या वाढवलेल्या नखांनी छेडत. हे वाचलं तेव्हा मला आईच्या तंबोऱ्याची चौथी तार आठवली. तीही पितळी. पहिल्या तीन पोलादाच्या, पंचमाची आणि जोडाच्या दोन. खरज मात्र पितळेचा, सोनेरी. त्या दिवशी मी काचेसमोर बराच वेळ उभी होते.

आज शिकायला जो हार्प हातात येतो तो मात्र त्यांचा थेट वंशज नाही. पितळी तारांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ विझली. पुढे डब्लिनच्या जॉन ईगनने तातेच्या तारांचे छोटे, खांद्याला टेकवून वाजवायचे हार्प घडवले, आणि आजचा लिव्हर हार्प त्या वळणाचा आहे. क्लारसाख सोसायटी १९३१ मध्ये निघाली तेव्हा वाजवणारी माणसं मोजकीच होती. ही सोसायटी शिकणाऱ्यांना वाद्यं भाड्याने देते. मीही पहिले काही महिने भाड्याचा छोटा हार्प वाजवला, आणि पहिला हार्प घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन. आधी भाड्याने घ्या. कोणत्या तारा आपल्याला हव्यात हे बोटांना कळायला तेवढा वेळ लागतोच.

मग जुना, वापरलेला ३४ तारांचा घेतला. लाकूड सुंदर, खांब सरळ. तारा मात्र सरमिसळ होत्या. कोणीतरी मधल्या दोन सप्तकांत तातेच्या जागी हाताला येईल ते नायलॉन चढवलं होतं. खालच्या गुंडाळलेल्या तारा घुमायच्या, वरच्या टणटणायच्या, आणि मध्ये जिथे सगळं गाणं असतं तिथे आवाज ओल्या कापडात बांधल्यासारखा. लिव्हर वर केली की सूर अर्ध्यापेक्षा कुठे कमी, कुठे जास्त चढायचा. विकणाऱ्यांना हे ठाऊक नसावं. मलाही नव्हतं. मी ते लाकडाच्या माथी मारलं होतं.

वाद्य दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, घडवणाऱ्याचा तक्ता आहे का? प्रत्येक हार्पचा आपला तक्ता असतो. कोणती तार कशाची आणि किती जाडीची, हे सगळ्यात वरच्या तारेपासून खालपर्यंत त्यात लिहिलेलं. हे समजायला गणित फार लागत नाही. तारेची लांबी सांगाड्याने ठरवलेली असते, सूरही ठरलेला असतो. उरतं ते तारेचं वजन, आणि वजन जितकं वाढेल तितका त्याच सुराला पोचायला लागणारा ताण वाढतो. नायलॉनचा एक घनसेंटिमीटर साधारण १.१४ ग्रॅम भरतो, तातेचा १.३ च्या आसपास. तिसरी जात आहे ती कार्बन. म्हणतात कार्बन, पण असतं फ्लोरोकार्बन, मासे धरायच्या गळाला लावतात तसलं प्लास्टिक. त्याचा घनसेंटिमीटर १.७८ ग्रॅम भरतो. म्हणजे नायलॉन काढून त्याच जाडीचं कार्बन चढवलं तर ताण दीडपटीहून जास्त होतो. तारांची खालची टोकं ज्या पातळ फळीत अडकवलेली असतात आणि जी हलून आवाज मोठा करते, तिला चौतीस तारा मिळून काही शे किलोंनी वर ओढत असतात. फळी वर्षांगणिक थोडी फुगत जाते, ते चांगलंच. पण दीडपट ओढ तिच्यासाठी घडवणाऱ्याने मोजलेली नसते. उलट तातेच्या जागी हलकं नायलॉन लावलं की फळी हलायला हवी तेवढी हलत नाही, आणि माझ्या हार्पला तेच झालं होतं. लिव्हरही ठरावीक जाडीच्या तारेसाठी बसवलेली असते. जाडी बदलली की तिचा अर्धा सूर चुकतो.

तर लाकडाचा दोष नव्हता. घडवणाऱ्याने मधली सप्तकं तातेची मानली होती, वरचं टोक नायलॉनचं आणि खाली तांब्याच्या तारेने गुंडाळलेल्या पोलादी तारा. तातेऐवजी जुळत्या ताणाचं कार्बन हिशोब करून लावता येतं. ते स्वस्तही पडतं, टिकतंही जास्त, हवेला घाबरत नाही. मी एका सप्तकात लावून पाहिलं. आवाज स्वच्छ होता, लांबवर जाणारा, चकचकीत. पण तार बारीक असल्याने बोटात रुतायची, आणि नाद थांबता थांबायचा नाही. एका सुरावर दुसरा चढायचा. तातेचा सूर भरून येतो आणि वेळेत मावळतो. बोटाच्या पेराला तिचा खरखरीत गोलवा कळतो. मला हीच हवी होती.

आणि तरी मी ती मागवायला तीन आठवडे घेतले. हार्पची तात बहुतेक गाईबैलांच्या आतड्याची असते. आमचं घर शाकाहारी. आईला सांगितल्याशिवाय ती घरात आणावी असं मला वाटेना.

"तात म्हणजे सारंगीला असते तीच ना?" आईने विचारलं.

"तशीच. सारंगीची बकऱ्याची असते. ही गाईची."

फोनवर थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"पिंजाऱ्याच्या धनुकलीला पण तातच असायची," ती म्हणाली. "आमच्या दारात यायचा तो. गादीचा कापूस पिंजताना तिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. आणि तबल्याला काय कापड लावतात होय?" मग जरा थांबून, "लाव. पण वाजवायला बसण्याआधी नमस्कार करत जा. रोज."

रोज करते.

तारा चढवण्यातलं बरंचसं हातानेच शिकावं लागतं. नायलॉनच्या बारीक तारेची नुसती गाठ फळीच्या भोकातून निसटते, म्हणून गाठीत जाड तारेचा छोटा तुकडा आडवा अडकवतात. तुटलेल्या तारांचे असे तुकडे जपून ठेवायचे. माझे एका कुंकवाच्या जुन्या करंड्यात आहेत. नायलॉन आठ-पंधरा दिवस सारखं उतरत राहतं. सकाळी लावावं, संध्याकाळी पाहावं तर पुन्हा खाली. तात लवकर बसते, पण पावसाळी दिवसाची आणि हीटरची तक्रार आयुष्यभर करते. तारांत सीची तार तांबडी आणि एफची काळी असते, एरवी चौतीस सारख्या तारांत हात हरवून जाईल. पहिल्या महिन्यात मी तांबड्या तारेला मनातल्या मनात षड्ज म्हणत होते. तिथेच माझी एक चूक होती, आणि ती सुधारली आईने.

त्याआधी लिव्हरविषयी. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक लिव्हर असते. ती उचलली की तेवढी तार अर्धा सूर चढते. बास. पियानोवर काळ्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, इथे एका सुराला एकच तार, तिची दोन रूपं. म्हणून हार्प आधी उतरवून लावतात: बी, ई आणि ए या तीन तारा कोमल ठेवून, म्हणजे ई फ्लॅट मेजर या पाश्चात्य स्वरपट्टीत. मग लिव्हर उचलत गेलं की तीन फ्लॅट, म्हणजे उतरलेले सूर, इथपासून चार शार्प, म्हणजे चढलेले सूर, इथपर्यंत आठ मेजर स्केल मिळतात. हार्प शिकवणाऱ्या माझ्या बाईंनी हे पहिल्याच तासाला कागदावर काढून दिलं होतं. मी मात्र त्या कागदात थाट, म्हणजे रागांचे सात सुरांचे साचे, शोधत बसले.

तांबडी सी म्हणजे सा. डीचा रे, ईचा ग, एफचा म. सगळ्या लिव्हर खाली असताना वाजवलं, आणि आसावरी थाट निघाला. अंगावर काटा आला. ई उचलली, ए उचलली, खमाज. एफ खाली-वर करून पाहिला तर तीव्र मध्यमही होता. पण कोमल रिषभ कुठेच नाही. डीची तार खाली शुद्ध रिषभ देते आणि उचलली की त्याच्याही वर जाते. रागांची थाटांत मांडणी करणाऱ्या भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी पाचांना कोमल रिषभ लागतो: भैरव, भैरवी, पूर्वी, मारवा, तोडी. म्हणजे बरोबर अर्धं दार बंद. मी त्या रात्री आईला फोन केला आणि हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगितलं.

"पण तू सा पांढरी एकला कशाला धरलास?" आई म्हणाली. तिला हार्प म्हणजे काय हे फोटोपुरतंच ठाऊक. "माझी पट्टी विसरलीस का गं?"

आईची पट्टी पांढरी पाच, पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी. म्हणजे जी. पांढरी एक म्हणजे सी.

मी सा जीच्या तारेवर नेला. रे झाला ए. आणि ए तर कोमल करूनच ठेवलेला होता. लिव्हर खाली, कोमल रे. वर, शुद्ध रे. ग झाला बी. खाली कोमल, वर शुद्ध. म झाला सी. खाली शुद्ध, वर तीव्र. पंचम डीवर. ध ईवर, खाली कोमल, वर शुद्ध. नि एफवर, तसाच. बाराच्या बारा स्वर. षड्ज आणि पंचम अचल म्हणतात ना, तर जी आणि डीच्या लिव्हरना हात लावायचीच गरज नाही. उरलेल्या पाच सुरांना दोन-दोन रूपं, प्रत्येकाला आपली लिव्हर. सगळ्या खाली, तर भैरवी. पाचही वर, तर कल्याण. मधल्या सगळ्या जुळण्या मोजल्या तर ३२ होतात, आणि भातखंड्यांचे दहाही थाट त्यातच बसतात. भैरव हवा तर बी आणि एफ उचला. मारव्याला ए तेवढी खाली ठेवा. तोडीला फक्त सी आणि एफ वर.

युरोपातल्या वादकांनी स्केल बदलायच्या सोयीसाठी शोधलेली लावणी, आणि तिच्यात आमच्या संगीताचा अख्खा नकाशा, पाच बोटांवर मोजता येईल असा. हे कोणी आधी मांडलं असेलच. मला ते त्या रात्री, सांगलीच्या फोनवरून कळलं, आणि मी तेव्हापासून हार्पला परकं वाद्य म्हणत नाही.

याचा अर्थ हार्पवर राग वाजतो असा मी करत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेणारी मींड नाही. कोमल रिषभाला भैरवात जे आंदोलन लागतं, ते या तारेत नाही. दोन्ही निषाद लागणारं काही वाजवायचं तर डावा हात मध्येच तारा सोडून लिव्हरकडे धावतो. मी थाट लावते आणि त्यात सोपी गाणी वाजवते. या मर्यादेत काय निवडायचं, हा शिकणाऱ्यापुढचा दुसरा मोठा प्रश्न, आणि माझ्या मते तो तारांपेक्षा अवघड आहे.

पुस्तकं पुष्कळ मिळतात. घेण्याआधी मी आता तीन गोष्टी पाहते. सगळ्यात खालचा सूर माझ्या हार्पवर आहे का. मध्येच लिव्हर किती वेळा बदलायला सांगितली आहे. पहिल्या वर्षी एकदाही नको. आणि दोन सुरांमध्ये श्वास घ्यायला जागा आहे का. पेडल हार्पसाठी लिहिलेलं संगीत सोपं दिसलं तरी बाजूला ठेवावं. तिथे सूर पायांनी बदलतात, हात मोकळे असतात. हार्पवर करंगळी वापरत नाहीत, दोन्ही हातांची चार-चार बोटंच चालतात, हेही पियानोची पुस्तकं उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बाईंनी मला सुरुवातीला इथलीच जुनी गाणी दिली. त्यातली कितीतरी पाच सुरांची आहेत. पहिलंच वाजवलं आणि हात आपोआप भूपाच्या वळणाने जायला लागला, मध्यम आणि निषाद गाळून. डाव्या हाताला त्यांनी शिकवलं ते एक, पाच, आठ: करंगळीशेजारच्या बोटाने मूळ सूर, मग पाचवा, मग वरचा तोच. सा, प, सा. मी त्यांना सांगितलं की हे मला आईच्या मांडीवर असल्यापासून येतं.

मग आयर्लंडच्या टर्लो ओकॅरोलनच्या चाली आल्या. १६७० ते १७३८ हा त्याचा काळ. अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने डोळे गेले, मग हार्प शिकला आणि घोड्यावरून गावोगाव फिरत यजमानांच्या नावाने चाली बांधत राहिला. दोनशेच्या वर चाली उरल्या आहेत, पण बहुतेक नुसती वरची ओळ. डावा हात काय वाजवायचा हे लिहिलेलं नाही. आज पुस्तकात जो डावा हात छापलेला असतो तो रचना मांडणाऱ्याचा असतो, ओकॅरोलनचा नव्हे. हे समजल्यापासून मी तो डावा हात बिनधास्त सोपा करते.

१७९२ च्या जुलैत बेलफास्टला उरलेसुरले हार्पवादक एकत्र बोलावले होते, दहा आयरिश आणि एक वेल्श. त्यांचं वादन टिपून घ्यायला एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक नेमला होता. त्या वादकांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन होता, आणि जुन्या रीतीने नखांनी पितळी तारा छेडणारा तेवढा तो एकच. बंटिंगने पुढे आयुष्यभर हे काम केलं. पण छापताना चाली पियानोच्या साच्यात बसवल्या. मला भातखंडे आठवतात, उस्तादांच्या दारी जाऊन चिजा मिळवणारे, लिहून घेणारे. लिहिलं म्हणून वाचलं, आणि लिहिताना काही निसटलंही. दोघांपैकी कोणालाही दोष द्यावा असं मला वाटत नाही. हेम्पसनच्या नखांचा आवाज मात्र कोणत्याही कागदात नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

माझ्या वहीत आता आपलीही गाणी आहेत. नाट्यपदं मी घेतली नाहीत, त्यांच्या ताना या तारांवर एकमेकींत मिसळून जातात. शेजारची तार घुमत असताना दुसरी वाजते आणि स्वरमंडलासारखा नुसता धुरळा उडतो. चाललं ते भोंडल्याचं गाणं. तीन-चार सूर, फेर धरल्यासारखी लय, ओळ संपली की थांबायला जागा. जात्यावरची ओवी त्याहून छान वाजते. ओवीला घाई नाही. एक सूर पुरता मावळला की पुढचा, आणि खाली डाव्या हाताचा सा, प, सा जात्याच्या घरघरीसारखा. पहिल्या हार्पसाठी चाल कोणती निवडावी असं मला मराठी माणसाने विचारलं तर मी आजीच्या तोंडच्या ओव्या म्हणेन.

मिरज आमच्या घरापासून दहा किलोमीटरवर. आईचा तंबोरा तिथलाच. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे वाद्यं घडवायला लागले, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईने मला पेपरचं कात्रण फोटो काढून पाठवलं होतं. ती सांगते, तंबोरा घ्यायला गेली तेव्हा कारागिरांनी आधी तिला गायला लावलं. पट्टी ऐकली, मग तारा काढल्या. मी माझ्या हार्पसाठी तक्ते पाहिले, वजनं पाहिली, आणि शेवटी सा कुठे ठेवायचा हे तिच्याच गळ्यावरून ठरलं.

तिसऱ्या सप्तकातली डी, बरोबर जाडीची, डिसेंबरात आली. लावली, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा चढवली. रविवारी आईला फोन लावून हार्पसमोर ठेवला आणि ओवी वाजवली. एकत्र गाता येत नाही, फोनवर आवाज मागेपुढे पोचतो. म्हणून ती ऐकत होती. दुसऱ्या ओळीलाच तिने थांबवलं.

"वरचा पंचम उतरलाय," ती म्हणाली.

तारा लावायची किल्ली खिडकीत होती. ती घेऊन मी डीच्या खुंटीवर बसवली, आणि आई तिकडे पंचम धरून राहिली.